मधला माणूस आणि सरासरी

बुऱ्हाणपूर-लालबागकडच्या मराठी घरांत काही म्हणी हिंदीतच बोलल्या जातात. त्यांना मराठी पेहराव चढवायला कोणी जात नाही. 'लेखा-जोखा थाहे, लडका डूबा काहे?' ही त्यांतलीच एक. तिच्यामागची गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. एक हिशेबी गृहस्थ बायकामुलांसह नदी ओलांडायला निघाला. काठीने चार-पाच ठिकाणी पाण्याची खोली मोजली, बेरीज केली, भागाकार केला. मग घरातल्या माणसांच्या उंचीचीही सरासरी काढली. पाण्यापेक्षा माणसे उंच भरली. कुटुंब निर्धास्तपणे पाण्यात उतरले आणि धाकटा मुलगा मध्यधारेत बुडाला. गृहस्थाने पैलतीरावरच्या वाळूत पुन्हा आकडेमोड केली. उत्तर तेच आले. हिशेब बरोबर आहे, मग मुलगा बुडाला कसा?

तापीकाठच्या माणसाला या गोष्टीचे हसू येते. ज्याने कधी नदी पायी ओलांडली आहे, त्याला पाय टेकायचा तिथली खोली तेवढी खरी वाटते. पण गोष्ट नुसती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. गृहस्थाच्या भागाकारात खोट नव्हती. नदीला त्याने विचारलेला प्रश्नच भलता होता. असा भलता प्रश्न आपणही रोज विचारत असतो. दरडोई उत्पन्न, सरासरी पाऊस, वर्गाचे सरासरी गुण, घरटी वर्गणी: प्रत्येक ठिकाणी अनेकांच्या वतीने एक आकडा बोलतो आणि आपण तो मुकाट्याने ऐकून घेतो. अनेकांच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्या आकड्याला कोणी दिला? त्याने कोणाची बाजू मांडली आणि कोणाची गिळली? हा प्रश्न गणिताच्या वहीत सुटणारा नाही. तो न्यायाचा प्रश्न आहे, म्हणून साहित्याच्या अंकात त्याला जागा मागण्यात काही वावगे नाही.

प्रथम शब्दांचा घोळ निस्तरला पाहिजे, कारण आपल्यासारख्या दुभाषिक मुलखात तो दुहेरी आहे. आपल्याकडे हिंदी माध्यमात शिकणारे मूल 'माध्य' आणि 'माध्यिका' असे शब्द घोकते. पलीकडे रावेर-जळगावात मराठी शाळेत जाणारे त्याचे मावसभावंड 'मध्य' आणि 'मध्यक' म्हणते. दिवाळीच्या सुटीत दोघे एकत्र बसली की आपण एकच धडा शिकलो हे त्यांना कळायला वेळ लागतो. अर्थ मात्र सोपा आहे. सगळ्यांची बेरीज करून डोक्यांच्या संख्येने भागले की मिळतो तो मध्य, म्हणजे आपली नेहमीची सरासरी. सगळ्यांना लहानापासून मोठ्यापर्यंत एका रांगेत उभे करून नेमक्या मधल्याकडे बोट दाखवले की मिळतो तो मध्यक. रांगेत माणसे सम संख्येने असतील तर मधल्या दोघांचा निम्मा-निम्मा घ्यायचा.

गंमत अशी की हिंदीत सरासरीला 'औसत' म्हणतात, आणि त्या अरबी शब्दाचा मूळ अर्थ 'मधला' असाच आहे. म्हणजे शब्दाने मधल्या माणसाची आठवण ठेवली, हिशेब मात्र भागाकाराचा झाला. आपला 'सरासरी' हा शब्द फारसीतून आला. त्याला कानाने अगदी जवळचा असा हिंदीतला 'सरसरी' शब्द आहे. 'सरसरी नजर' म्हणजे वरवर, धावती टाकलेली नजर. दोन्ही भाषा घरात नांदत असल्या की अशा शेजारातून काही शिकता येते. सरासरी ही पुष्कळदा सरसरी नजरच असते.

या दोन आकड्यांतला फरक लालबागच्या वाचकाला त्याच्या परिसरातल्या एका वास्तूवरून सहज उमजेल. अब्दुल रहीम खानखानान याच्या काळात, इ.स. १६१५ च्या सुमारास, येथे कुंडी भंडाऱ्याची पाणीयोजना झाली. लोक तिला खुनी भंडारा असेही म्हणतात. सातपुड्याच्या पायथ्याकडून झिरपणारे पाणी भुयारातून, केवळ जमिनीच्या उताराच्या आधाराने, शहराकडे आणले. त्या भुयारावर उघडणाऱ्या शंभराहून अधिक कुंड्या एका ओळीत आहेत. आता कल्पना करा, अशा रांगेतल्या पाच कुंड्यांतून दोर-बादलीने पाणी शेंदायचे आहे आणि त्यांची खोली २०, २२, २५, ३० आणि ५३ हात आहे. एकूण दोर किती विकत घ्यायचा, हे दुकानदाराला सांगायचे असेल तर सरासरी कामाला येते: ३० हातांची सरासरी, पाच कुंड्या, म्हणून १५० हात दोर. पण एकच दोर घेऊन फिरायचे असेल तर? मध्यकाइतका, म्हणजे २५ हात दोर घेतला तर निदान निम्म्या कुंड्यांत तो पोचेल एवढी हमी आहे. सरासरीइतका दोर किती कुंड्यांत पोचेल, हे त्या आकड्यावरून कळतच नाही. या उदाहरणात तो चार कुंड्यांत पोचेल. दुसऱ्या एखाद्या रांगेत पाचांपैकी एकीतच पोचेल. आणि प्रत्येक कुंडीचे पाणी हवे असेल तर ना सरासरी उपयोगी, ना मध्यक. तिथे सर्वांत खोल कुंडीलाच विचारावे लागते.

एका रांगेला तीन वेगवेगळे प्रश्न विचारता येतात आणि तीन खरी उत्तरे मिळतात. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला चिकटवले की अन्याय सुरू होतो. तो फार मोठ्या माणसांच्या हातूनच होतो असे नाही. गल्लीतल्या गणेशोत्सवाचे उदाहरण घेऊ. समजा, दहा घरे आहेत. नऊ घरांनी शंभर-शंभर रुपये दिले. दहाव्या घरचा धंदा बरा चालला होता, त्याने ४१०० रुपये दिले. जमा झाले ५०००. पुढच्या वर्षीच्या बैठकीत खजिनदार वही उघडतो आणि सांगतो, 'गेल्या वर्षी घरटी सरासरी ५०० रुपये आले होते, यंदाही तेवढेच धरू.' आकडा खरा आहे, खजिनदार प्रामाणिक आहे, वहीत खाडाखोड नाही. तरी जी नऊ घरे शंभर देऊ शकत होती, त्यांच्या दारात आता पाचशेचे पावतीपुस्तक जाणार. आणि नाही म्हणणाऱ्याला 'एवढे तर सगळेच देतात' असे ऐकावे लागणार. प्रत्यक्षात 'एवढे' कोणीच दिलेले नव्हते. पाचशे रुपये देणारे घर त्या गल्लीत एकही नाही. मधले घर शंभराचे आहे.

सरासरीचा माणूस पुष्कळदा अस्तित्वातच नसतो, मध्यकाचा माणूस मात्र रांगेत खरोखर उभा असतो, निदान त्याच्या आसपास कोणीतरी असतो. यामुळे अनेक विचारी माणसांचा ओढा मध्यकाकडे असतो, आणि तो समजण्याजोगा आहे. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०७ साली एक प्रसिद्ध टिपण लिहिले. प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनात एका बैलाचे वजन ओळखण्याची पैज लागली होती. कापून साफ केल्यावर मांस किती भरेल ते सांगायचे होते. गाल्टनने ७८७ चिठ्ठ्या तपासल्या आणि मधली चिठ्ठी उचलली. त्याचा युक्तिवाद असा की, मधल्या अंदाजाखेरीज कोणताही अंदाज पुढे ठेवला तर बहुमत त्याला 'फार कमी' किंवा 'फार जास्त' म्हणून नाकारील. म्हणून मधला अंदाज हाच लोकांचा कौल. आपल्याकडच्या पंचायतीलाही हे पटेल. नुकसानभरपाई ठरवताना चार पंचांनी चार, पाच, पाच, सहा हजार म्हटले आणि पाचव्याने भावकीखातर तीस हजार म्हटले, तर सरासरी दहा हजारांवर जाते आणि एकट्याची भावकी सगळ्यांवर बसते. मध्यक पाच हजारांवरून हलत नाही. एकाच्या हट्टाने किंवा ऐपतीने न झुकणे हा मध्यकाचा मोठा गुण आहे. पण गाल्टनच्या गोष्टीचा शेवटही सांगितला पाहिजे. बैलाचे वजन भरले ११९८ पौंड. मधली चिठ्ठी १२०७ ची होती. सरासरी निघाली ११९७. त्या दिवशी सरासरीच सत्याच्या अधिक जवळ होती.

म्हणून सरासरीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून मध्यकाच्या गळ्यात हार घालण्याची घाई करू नये. मध्यकाचा गुण हाच त्याचा दोष आहे. तो श्रीमंताच्या आवाजाने हलत नाही, तसा गरिबाच्या हाकेनेही हलत नाही. पाच घरांची मिळकत २, ३, ५, ६ आणि ९ हजार असेल तर सरासरी ५ आणि मध्यकही ५. आता पहिल्या घरातला कर्ता माणूस अंथरुणाला खिळला आणि तिथली मिळकत शून्यावर आली. मध्यक अजून ५ च सांगतो, जणू काही घडलेच नाही. सरासरी मात्र ४.६ वर उतरते. थोडीच उतरते, पण उतरते. तळातल्या निम्म्या माणसांचे काय वाटेल ते झाले तरी, मधला माणूस जागचा हलला नाही तोवर मध्यकाला पत्ता लागत नाही. सरासरीच्या बेरजेत प्रत्येकाची दमडी असते, त्यामुळे प्रत्येकाची हानी तिला लागते. एक आकडा सगळ्यांना मोजतो पण कोणालाच ओळखत नाही. दुसरा एकाला नीट ओळखतो आणि बाकीच्यांना फक्त रांगेतली जागा देतो.

मग दोन्ही आकडे शेजारी ठेवले तर? तसेच करावे, कारण त्यांच्यातले अंतर स्वतः काही सांगते. १९३२ साली हॉटेलिंग आणि सॉलोमन्स या दोन अभ्यासकांनी सिद्ध केले की, मध्य आणि मध्यक यांच्यातले अंतर त्या समूहाच्या प्रमाण विचलनापेक्षा कधीही जास्त असू शकत नाही. प्रमाण विचलन म्हणजे आकड्यांच्या पसाऱ्याचे माप. साध्या भाषेत, माणसे एकमेकांपासून जेवढी पांगलेली असतील त्याच मर्यादेत हे दोन आकडे एकमेकांपासून लांब जाऊ शकतात. याचा एक अर्थ असा की, जिथे सरासरी आणि मध्यक यांच्यात मोठी फट दिसेल तिथे विषमता आहे हे निश्चित समजावे. उलट बाजू मात्र खरी नाही. फट नाही म्हणून विषमता नाही, असे म्हणता येत नाही. ०, ०, १०, २०, २० हे आकडे पाहा. सरासरी १०, मध्यक १०. दोघांचे अगदी एकमत. पण दोन घरांत चूल पेटलेली नाही.

सरासरी मध्यकापेक्षा मोठी असली की वर कोणी धनाढ्य बसलेला असणार, असा एक ठोकताळा शाळेत सांगतात. पुष्कळदा तो खराही ठरतो. आपल्या वर्गणीच्या वहीत तसेच झाले. पण त्याच्यावरही डोळे मिटून विसंबू नये. चार घरे १-१ ची, पाच घरे ४-४ ची आणि एक घर ९ चे असेल तर वर एकटा श्रीमंत बसलेला आहेच. तरी सरासरी ३.३ आणि मध्यक ४. इथे तळाशी असलेल्या चार घरांनी सरासरी खाली ओढली आहे आणि वरचा माणूस त्यांच्या आड लपून गेला आहे. दोन आकडे एकापेक्षा बरे, पण दोन आकड्यांनीही रांग पाहण्याचे श्रम वाचत नाहीत.

आपल्या देशात हा वाद केवळ कागदावर झालेला नाही. तो संसदेत झाला आहे. ऑगस्ट १९६३ मध्ये नेहरू सरकारवर पहिला अविश्वासाचा ठराव आला, आचार्य कृपलानींनी मांडलेला. त्या चर्चेत पोटनिवडणुकीतून नुकतेच लोकसभेत आलेले डॉ. राममनोहर लोहिया म्हणाले की, या देशातले २७ कोटी लोक रोज तीन आण्यांवर जगतात. पंतप्रधान नेहरूंनी पंधरा आण्यांचा आकडा सांगितला. पुढे नियोजनमंत्री गुलझारीलाल नंदा यांच्याकडून साडेसात आण्यांचा आकडा आला. 'तीन आणे की पंधरा आणे' हा वाद तेव्हा फार गाजला. आज शांतपणे पाहिले तर दिसते की, पंधरा आणे ही साऱ्या देशाची सरासरी होती आणि तीन आणे हा तळातल्या माणसांचा हिशेब होता. दोघे एकाच प्रश्नाची दोन उत्तरे देत नव्हते. तीन आणे बरोबर की साडेसात, यावर मतभेद राहिला. पण सरकारचाच साडेसातचा आकडा धरला तरी तो सरासरीच्या निम्मा होता. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तेव्हा लोकसंख्या सुमारे ४५ कोटी होती. त्यांतले २७ कोटी म्हणजे निम्म्याहून अधिक. म्हणजेच देशातल्या सगळ्या माणसांची रांग लावली असती तर नेमका मधला माणूस त्या २७ कोटींतच उभा दिसला असता, त्यांच्या वरच्या टोकाकडे का होईना. मध्यक हा शब्द त्या वादात कोणी उच्चारला असो वा नसो, वाद त्याच माणसाच्या खिशाचा होता.

याच सरासरीचा अगदी उलट उपयोग त्याआधी एका माणसाने केलेला होता. दादाभाई नौरोजी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी १८६७-७० च्या आसपासच्या हिंदुस्थानचे दरडोई उत्पन्न काढले ते वर्षाला २० रुपये. १९०१ साली 'पॉव्हर्टी अँड अन-ब्रिटिश रूल इन इंडिया' या ग्रंथात हा सारा विचार एकत्र आला. त्यांनी तो आकडा तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राच्या खर्चाशेजारी ठेवला, आणि राज्यकर्त्यांसमोर प्रश्न उभा राहिला: सगळे उत्पन्न सर्वांना सारखे वाटले तरी सामान्य प्रजेच्या वाट्याला कैद्याइतकेही येत नाही, त्याचे काय? सरासरीचा खरा अर्थ हाच आहे, 'सारखे वाटले असते तर'. त्या 'तर' वर बोट ठेवले की सरासरी गरिबाची वकिली करते; तो 'तर' गिळून टाकला की तीच सरासरी गरिबाला झाकते. आकडा एकच, बोलणाऱ्याची नियत वेगळी.

लोकसभेतल्या त्या वादानंतर काही वर्षांनी पुण्यातून एक वेगळा प्रयत्न झाला. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातल्या दारिद्र्यावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी सरासरी किती आणि मधला माणूस कुठे, हे दोन्ही प्रश्न बाजूला ठेवले. पुरेसे अन्न मिळण्यासाठी किमान खर्च किती लागतो ते ठरवले, आणि १९६०-६१ च्या आकड्यांवरून विचारले की या रेषेखाली किती माणसे आहेत. उत्तर आले: खेड्यांत सुमारे ४० टक्के, शहरांत सुमारे ५० टक्के. रेषा कुठे आखावी यावर पुढे वाद झाले, आजही होतात. पण प्रश्न विचारण्याची ती रीत मोलाची होती. बुडणारा मुलगा किती उंच आहे, हे तिथे प्रथमच नीट मोजले जात होते.

पाण्याच्याच एका साध्या कोड्यातून या विषयाचे मर्म अधिक स्पष्ट होते. एका सरळ गल्लीत सात घरे आहेत. गल्लीच्या तोंडापासून त्यांची अंतरे ०, १०, २०, ३०, ४०, ५० आणि २०० पावले. एकच सार्वजनिक नळ बसवायचा आहे. कुठे बसवावा? सर्वांची मिळून चाल कमीत कमी व्हावी असे म्हटले तर नळ मधल्या घरापाशी, ३० पावलांवर बसवावा लागतो. एकूण चाल २६० पावले होते. सरासरी अंतरावर, म्हणजे ५० पावलांवर बसवला तर ती ३०० होते. एकूण श्रम वाचवायचे तर मध्यकाच्या जागेला तोड नाही, हे गणिताने सिद्ध केलेले आहे. पण आता शेवटच्या घराकडे पाहा. मधल्या नळाला त्या घरच्या बाईला १७० पावले चालावे लागते. सर्वांत लांबच्या माणसाची चाल कमीत कमी करायची असेल तर नळ १०० पावलांवर न्यावा लागतो. मग तिची चाल १०० होते, पण बाकीची सहा घरे कुरकुरतात, कारण एकूण चाल ५५० वर जाते. आणि सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट ही की, ते शेवटचे घर २०० ऐवजी २००० पावलांवर असते तरी मध्यकाचा नळ तसूभर हलला नसता.

कोणता नळ न्याय्य? गणित इथे हात जोडून उभे राहते. ते म्हणते, तुम्ही न्याय कशाला म्हणता ते सांगा, जागा मी शोधून देतो. आणि आपल्या समाजात त्याआधीचाही एक प्रश्न आहे: ते सातवे घर इतके लांब का? ते आपोआप लांब गेलेले नाही. गावकुसाबाहेर राहायला कोणी कोणाला लावले, हे आपल्याला ठाऊक आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो माणसांसह महाडच्या चवदार तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी प्यावे लागले. तिथे पाणी कमी नव्हते. हिशेब करणाऱ्यांनी काही घरे हिशेबातच धरली नव्हती. जी घरे यादीत नाहीत त्यांना सरासरीही मोजत नाही आणि मध्यकही. म्हणून कोणताही आकडा ऐकल्यावर पहिला प्रश्न यादीबद्दल विचारावा आणि दुसरा आकड्याबद्दल.

शेतकऱ्याला ही गोष्ट शिकवावी लागत नाही. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत मुख्य पिकांच्या नुकसानीचा हिशेब एकेका शेताचा होत नाही, ठरवून दिलेल्या क्षेत्राचा होतो. मध्य प्रदेशात ते क्षेत्र म्हणजे पटवारी हलका. गेल्या सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीवरून उंबरठा उत्पन्न ठरते. यंदाची त्या क्षेत्राची सरासरी त्याखाली गेली तर भरपाई मिळते. आता एखाद्याचे शेत मुरमाड उतारावर असेल आणि हलक्यातल्या इतरांची शेते काळ्या जमिनीत असतील, तर पावसाने दडी मारल्यावर याचे पीक जाते आणि हलक्याची सरासरी तगून राहते. योजना करणाऱ्यांना ही अडचण दिसली नव्हती असे नाही. गारपीट, शेतात पाणी साचणे अशा स्थानिक आपत्तींसाठी एकेका शेताची वेगळी पाहणी करण्याची तरतूद योजनेतच आहे. शेतागणिक पीककापणी करायला माणसे आणि दिवस पुरणार नाहीत, हेही खरे. सरासरी ही राज्य चालवणाऱ्याची गरज आहे, ती टाकून देता येत नाही. तिच्या शेजारी एकट्या शेताने हाक मारण्याची सोय ठेवणे, एवढे मात्र करता येते. आणि ती सोय जिथे आहे तिथे मोठी माणुसकी झाली, असे म्हणायला हरकत नाही.

सीमेवरच्या आपल्यासारख्या माणसांचा या विषयाशी जिव्हाळ्याचा संबंध आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिले. २००३ पासून त्याचा वेगळा जिल्हा झाला. महाराष्ट्राची कोणतीही सरासरी काढताना आपली घरे बेरजेत नसतात. मध्य प्रदेशाची काढताना असतात, पण साऱ्या राज्यात ती इतकी थोडी की आकडा हलत नाही. भाषेपुरते बोलायचे तर राज्याचा मधला माणूस मराठी बोलणार नाही, हे उघड आहे. मुलाला मराठी वाचायला कुठे शिकवावे, घरातली बोली किती पिढ्या टिकेल, हे आपले प्रश्न कोणत्याही सरासरीत उमटत नाहीत. रांगेच्या कडेला उभे राहणे म्हणजे काय, हे आपण अनुभवाने जाणतो.

ज्याने हे जाणले त्याच्यावर एक जबाबदारी येते. आपल्या लहानशा समाजातही एक मधले घर असते आणि एक शेवटचे घर असते. पुस्तकी मराठी बोलणाऱ्यांच्या मेळाव्यात निमाडी किंवा खानदेशी वळणाने बोलणारी बाई गप्प बसते, तेव्हा ती आपल्या रांगेतले शेवटचे घर असते. वर्गणी जमत नाही म्हणून जे कुटुंब उत्सवाला यायचेच सोडते, ते पुढच्या वर्षी वहीत नसते, आणि ते वहीतून गेल्यामुळे सरासरी वर्गणी वाढलेली दिसते. प्रगती झाली असे वाटते. आकडा वाढला तो माणूस गळाल्यामुळे, हे वही सांगत नाही. कोणीतरी जुनी यादी काढून नवीशी ताडून पाहावी लागते.

मग करावे काय? आकड्यांवर रुसून चालणार नाही. एवढ्या मोठ्या देशात गोळाबेरीज केल्यावाचून एक दिवसही निभायचे नाही. पण जेव्हा कोणी अनेकांच्या वतीने एक आकडा पुढे करील, मग तो मंत्री असो, मुख्याध्यापक असो की गल्लीतला खजिनदार, तेव्हा त्याला नम्रपणे चार गोष्टी विचाराव्यात. ही सरासरी आहे की मधल्या माणसाचा आकडा? दुसरा आकडा किती? सर्वांत शेवटी कोण आहे आणि त्याचे किती? आणि यादीत कोण नाही? या चार प्रश्नांना फार गणित लागत नाही. खजिनदाराने बैठकीत 'घरटी ५००' म्हणण्याआधी दहा नावे आणि दहा रकमा मोठ्याने वाचल्या असत्या तर पाचशेचा आकडा त्याच्या ओठांवरही आला नसता.

वाचण्याला मात्र थोडा वेळ लागतो आणि थोडे अवघडल्यासारखे होते, कारण नावे ओळखीची असतात. सरासरी काढली की हे अवघडलेपण टळते. तिची खरी सोय हीच असावी. न्यायाला ती सोय नाकारावी लागते. यंदाच्या वर्गणीच्या, फराळवाटपाच्या किंवा शाळेच्या निकालाच्या बैठकीत यादी समोर येईल तेव्हा ती तळापासून वाचायला सुरुवात करावी. वरची नावे वाचायची राहून गेली तरी फारसे बिघडत नाही. त्यांची आठवण ठेवणारे पुष्कळ असतात.